सब्र, अदल आणि वस्तीतली शांतता : एका चर्चेचा आढावा

२०२३ साली आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या, २९ जूनला. राज्यातल्या कितीतरी गावांतल्या मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी करायची नाही, असे आधीच ठरवून टाकले. तीन महिन्यांनी, २८ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आल्या. मुंबईसह अनेक शहरांतल्या मिलादच्या मिरवणुका एक दिवस पुढे गेल्या आणि सरकारने २९ तारखेला सुट्टी दिली. २०२४ मध्ये मुंबईतली मिरवणूक १६ सप्टेंबरऐवजी १८ ला निघाली, २०२५ मध्ये ५ सप्टेंबरऐवजी ८ ला.

या बातम्या सलोख्याच्या मथळ्याखाली छापून आल्या आणि दुसऱ्या दिवशी विसरल्याही गेल्या. पण त्यांच्यामागे एक जुना वाद उभा आहे. धार्मिक तणावाच्या काळात मुसलमानाने वागावे कसे? ईमान म्हणजे श्रद्धा जपायची, अदल म्हणजे न्याय सोडायचा नाही आणि सब्र म्हणजे संयमही ठेवायचा, हे तिन्ही एकाच वेळी जमते का? की एक धरले की दुसरे सुटते? उलेमा, सुधारक, कार्यकर्ते, पोलीस अधिकारी आणि अभ्यासक यांनी गेल्या पन्नास-साठ वर्षांत याची वेगवेगळी उत्तरे दिली. ती उत्तरे कुठवर आली आहेत, ते इथे पाहू.

धर्मग्रंथांत काय आहे

चर्चेतले सगळे पक्ष कुराणाचा आधार घेतात, आणि प्रत्येकाला तो मिळतो. वाईटाला चांगल्याने उत्तर द्या म्हणजे वैरीही जिवलग मित्र होईल, असे एकेचाळिसावी सूरा सांगते. बेचाळिसावी सूरा अन्याय झाल्यावर प्रतिकार करणाऱ्याला दोष देत नाही. जेवढ्यास तेवढे एवढाच प्रतिकाराचा हक्क ती देते आणि पुढे क्षमा करणे अधिक मोठे ठरवते. चौथ्या सूरेत वाईट गोष्ट उघडपणे बोलण्याला नापसंती आहे, मात्र ज्याच्यावर अन्याय झाला त्याला त्यातून वगळले आहे. त्याला हाक मारण्याचा, तक्रार करण्याचा हक्क आहे.

न्यायाबाबत मात्र भाषा फार कडक आहे. पाचवी सूरा म्हणते की, एखाद्या समूहाबद्दलच्या रागाने तुम्हाला अन्यायाकडे ढकलता कामा नये. चौथी सूरा स्वतःच्या, आईबापाच्या आणि नातलगांच्या विरुद्धसुद्धा खरी साक्ष द्यायला सांगते. याच सूरेतल्या १०५व्या आयतीपासून पुढच्या भागाचा प्रसंग भाष्यकारांनी नोंदवला आहे. मदिनेतल्या एका मुस्लिम घराण्यातल्या माणसाने चिलखत चोरले. ते पिठाच्या पोत्यात दडवले आणि एका यहुदी शेजाऱ्याकडे नेऊन ठेवले. पोते फाटके होते, वाटभर पीठ सांडत गेले. शोध घेणारे त्या रेषेवरून यहुद्याच्या दारात पोचले. चोराचे भाऊबंद एकजुटीने पैगंबरांकडे गेले आणि आपल्या माणसाची बाजू घेऊन बसले. तेव्हा आयती उतरल्या त्या यहुद्याला निर्दोष ठरवणाऱ्या आणि बेइमानांची वकिली करू नका असे बजावणाऱ्या. तणावाच्या दिवसांत ‘आपला तो आपला’ ही भावना प्रत्येक जमातीत उसळते, म्हणून ही गोष्ट जुम्म्याच्या खुतब्यात अधिक वेळा यायला हवी असे मला मनापासून वाटते.

आजच्या काळाला सर्वांत जवळची आयत एकोणपन्नासाव्या सूरेत सापडते. बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी खातरजमा करा, नाहीतर अजाणतेपणी कुणाचे तरी नुकसान कराल आणि मग पस्तावाल, असा तिचा आशय आहे. १७ मार्च २०२५ रोजी नागपुरात जमाव रस्त्यावर आला तो पवित्र मजकूर असलेली चादर जाळल्याच्या अफवेवरून. खातरजमा करायला सांगणारी आयत त्या जमावातल्या अनेकांना पाठ असेल.

पैगंबरांच्या चरित्रातला सर्वाधिक वादाचा दाखला आहे हुदैबियाच्या तहाचा, इसवी सन ६२८ चा. मक्केला निघालेले मुसलमान वाटेतूनच परतले. तहात ‘अल्लाहचे प्रेषित’ हे शब्द मक्केतल्या विरोधकांनी खोडायला लावले, तेही पैगंबरांनी मान्य केले. हजरत उमर यांच्यासारख्यांना तो अपमान वाटला होता. संयमवादी म्हणतात, मान तुकवून मिळवलेल्या शांततेने पुढे सारे काही दिले. त्यांचे टीकाकार उत्तर देतात की, तो दोन पक्षांमधला लेखी करार होता, त्याच्या अटी दोघांना बांधील होत्या. एकतर्फी सोसण्याला हुदैबिया म्हणता येणार नाही. हा वाद आजही तिथेच थांबलेला आहे.

भिवंडी ते मुंबई

महाराष्ट्रात ही चर्चा पुस्तकातून उतरली ती दंगलींमुळे. ७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल भडकली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा जळाली. मग ६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबईत डिसेंबर व जानेवारी अशा दोन टप्प्यांत हिंसाचार झाला. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार ९०० माणसे मेली : ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ अनोळखी आणि ५ इतर. पहिल्या टप्प्यात संतापून रस्त्यावर आलेल्या मुस्लिम जमावांची नोंद आयोगाने केली, जानेवारीतल्या संघटित हल्ल्यांचीही केली. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ जण गेले.

मुसलमानांमधल्या आत्मपरीक्षणाच्या दृष्टीने हे चार महिने निर्णायक ठरतात. संताप खरा होता, अन्यायही खरा होता. पण शेअर बाजारात, बसमध्ये, पेट्रोलपंपाशी मेलेल्या माणसांनी कुणाची मशीद पाडली होती? या प्रश्नाला इस्लामच्या न्यायकल्पनेत एकच उत्तर आहे. ते त्या काळी पुरेशा मोठ्या आवाजात दिले गेले नाही, ही खंत अनेक मुस्लिम विचारवंतांनी पुढे बोलून दाखवली.

संयमाचा मार्ग

संयमाची सर्वांत सलग मांडणी मौलाना वहिदुद्दीन खान (१९२५–२०२१) यांनी केली. १९७६ पासून ‘अल-रिसाला’ मासिकातून ते एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगत राहिले. मिरवणूक मशिदीसमोर वाजतगाजत आली तर येऊ द्या, ती निघून जाईल. अडवलीत तर दंगल होईल. चिथावणीला प्रतिसाद न देणे म्हणजे भित्रेपणा नव्हे, तो विचारपूर्वक केलेला निर्णय आहे. सब्र माणसाला वेळ मिळवून देतो आणि तो वेळ शिक्षणात, व्यवसायात, संवादात घालवता येतो. बाबरी मशीद पाडल्यानंतरच्या काळात आचार्य मुनी सुशीलकुमार आणि स्वामी चिदानंद यांच्याबरोबर त्यांनी मुंबई ते नागपूर अशी शांतियात्रा काढली आणि वाटेत ठिकठिकाणी सभा घेतल्या.

त्यांच्यावरचा आक्षेपही तितकाच गंभीर आहे. मार खाणाऱ्यालाच उपदेश का? दंगलीची सारी जबाबदारी पीडिताच्या प्रतिक्रियेवर ढकलली की हल्लेखोर आणि प्रशासन दोघेही मोकळे सुटतात. अनेक उलेमांना त्यांची भूमिका सत्तेला सोयीची वाटली. खान यांचे म्हणणे होते की, समोरच्याचे वागणे आपल्या हातात नसते, आपले असते. म्हणून बोलायचे ते आपल्याच माणसांशी.

या मार्गाचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण मात्र ग्रंथकाराचे नाही. मार्च २०१८ मध्ये पश्चिम बंगालमधल्या आसनसोलला रामनवमीनंतरच्या हिंसाचारात नूरानी मशिदीचे इमाम इमदादुल्लाह रशिदी यांचा सोळा वर्षांचा मुलगा मारला गेला. दफनासाठी हजारोंचा जमाव गोळा झाला होता, तरुण पोरे धुमसत होती. बापाने त्यांना सांगितले की, कुणी बदला घेतला तर मी ही मशीद आणि हे शहर सोडून जाईन. जमाव पांगला. हे इमाम त्या गावात तीन दशके नमाज पढवत होते. पोरांनी त्यांचे ऐकले त्यामागे ही तीस वर्षांची ओळख होती. त्याच सकाळी बाहेरून आलेल्या कुणा वक्त्याने तेच शब्द उच्चारले असते तर जमाव थांबला असता असे वाटत नाही.

कायद्याचा मार्ग

दुसरी भूमिका म्हणते : शांत राहा, पण गप्प राहू नका. असगर अली इंजिनिअर (१९३९–२०१३) यांनी दंगली झालेल्या गावोगाव जाऊन माहिती गोळा केली आणि दंगलीच्या मुळाशी धर्मापेक्षा राजकारण आणि अर्थकारण कसे असते ते लिहिले. जमिनीचे भाव, यंत्रमागाची स्पर्धा, निवडणुका. १९९३ मध्ये त्यांनी मुंबईत सेंटर फॉर स्टडी ऑफ सोसायटी अँड सेक्युलॅरिझम ही संस्था काढली. स्वतःच्या दाऊदी बोहरा समाजातल्या धर्मसत्तेशीही ते आयुष्यभर झगडले, त्यामुळे त्यांचा न्यायाचा आग्रह एका बाजूचा नव्हता. त्यांच्या दृष्टीने आयोग, साक्षी, खटले, नुकसानभरपाई ही सब्राचीच पुढची पायरी होती.

या मार्गाची कसोटी मालेगावात लागली. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बारातचा दिवस. जुम्म्याची नमाज नुकतीच आटोपली होती आणि कब्रस्तानाच्या परिसरात गर्दी होती. तिथे स्फोट झाले, तीसहून अधिक माणसे गेली. यंत्रमागाचे, दाट वस्तीचे, २००१ मध्ये दंगल पाहिलेले हे शहर. आता ते पेटणार अशी धास्ती राज्यभर होती. ते पेटले नाही. मग अटक झाली नऊ मुस्लिम तरुणांना. पाच वर्षे ते तुरुंगात होते, २०११ मध्ये त्यांना जामीन मिळाला आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने हयात असलेल्या आठ जणांना दोषमुक्त केले. त्यांच्या घरच्यांनी ही सगळी वर्षे तारखांना हजर राहण्यात घालवली. २९ सप्टेंबर २००८ ला त्याच शहरातल्या भिक्खू चौकात पुन्हा स्फोट झाला. त्या खटल्यातल्या सातही आरोपींची जुलै २०२५ मध्ये विशेष न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली.

मालेगावने संयमही पाळला आणि कायद्याची वाटही धरली. न्याय मिळाला का, याचे उत्तर तिथल्या कब्रस्तानाशी उभे राहून ‘हो’ असे देता येणार नाही. कायद्याच्या मार्गाचे समर्थकही ही मर्यादा मान्य करतात, पण दुसरी वाट याहून वाईट आहे, असे ते सांगतात.

घरातली सुधारणा

मराठी वाचकाला हमीद दलवाई (१९३२–१९७७) यांची ओळख करून द्यायला नको. मिरजोळीच्या या लेखकाने ‘इंधन’ या कादंबरीत कोकणातल्या गावातला तणाव आतून दाखवला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्यांचे निदान निराळे होते. मुस्लिम समाज स्वतःची चिकित्सा करत नाही तोवर टिकाऊ सलोखा होणार नाही, आणि शांततेचा पाया श्रद्धेवर न ठेवता समान नागरिकत्वावर ठेवावा लागेल. त्यांच्या धर्मनिष्ठ टीकाकारांचा सवाल असा की, ईमान बाजूला ठेवायला सांगणारी शांतता सामान्य मुसलमान स्वीकारील कसा? हा सवाल रास्त आहे. आपल्यातल्या चुकीविरुद्ध बोलण्याचा दलवाईंचा आग्रह मात्र चौथ्या सूरेतल्या साक्षीच्या आज्ञेपासून फार दूर नाही. दोन्ही बाजूंना ही जवळीक कबूल करणे जड जाते.

या आग्रहाचे एक कठोर उदाहरण मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर दिसले. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या कब्रस्तानात जागा द्यायला मुंबईतल्या मुस्लिम संस्थांनी नकार दिला. मृतदेह वर्षाहून अधिक काळ शवागारात राहिले आणि जानेवारी २०१० मध्ये गुप्तपणे पुरले गेले. धर्मशास्त्राप्रमाणे दफन हा मृताचा हक्क आहे, म्हणून या निर्णयाबद्दल दुमत होऊ शकते. पण ‘हे आमच्या नावाने केलेले आमचे नाही’ हे यापेक्षा स्पष्टपणे सांगता आले नसते.

मोहल्ला समिती

एक उत्तर मौलानांकडून किंवा विचारवंतांकडून आले नाही, ते पोलीस खात्यातून आले. १९८८ मध्ये सुरेश खोपडे भिवंडीत उपायुक्त म्हणून गेले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची माणसे, पुढारी कमी आणि रोजचे लोक जास्त : दुकानदार, यंत्रमाग कामगार, शिक्षक. सोबत त्या भागातला पोलीस. बैठका नियमित, दंगल नसतानाही. नळाचे पाणी, गटार, भाडेकरूचे भांडण असे विषयही तिथे निघत. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सतीश सहानी, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या जोडीने असेच काम केले. त्यांच्यावर ‘नाता’ हा माहितीपट आहे.

अशी बैठक ज्याने पाहिली असेल त्याला तिचा रंग ठाऊक आहे. पोलीस ठाण्याच्या आवारात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, छोट्या ग्लासांतला चहा. गणेश मंडळाचा अध्यक्ष आणि मशिदीचा विश्वस्त नकाशावर बोट ठेवून बोलत असतात. ढोल-ताशा कोपऱ्यापासून मशिदीपर्यंत थांबवायचा की नुसता पुढे काढायचा, असरची अजान किती वाजता, स्वयंसेवकांचे बिल्ले कोणत्या रंगाचे. तिथे कुणी धर्माच्या थोरवीवर बोलत नाही. पण एकमेकांचा मोबाइल नंबर दोघांकडे असतो, आणि रात्री अकरा वाजता अफवा उठली की तो नंबर लागतो.

समित्यांनाही मर्यादा आहेत. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत कब्रस्तानाजवळच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव भडकला आणि दोन पोलिसांचा जीव गेला. अधिकारी बदलला की समिती कागदावर उरते, सणाच्या आदल्या आठवड्यात फोटोपुरती भरते. आणि बाया तिथे फार थोड्या असतात. खरे तर तणावाच्या रात्री पोराला घराबाहेर सोडायचे की नाही, हे आईच ठरवते.

अभ्यासक काय म्हणतात

आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या ग्रंथात सहा भारतीय शहरांची तुलना केली आणि निष्कर्ष काढला की, जिथे हिंदू-मुस्लिम एकाच संघटनेत, व्यापारात, युनियनमध्ये असतात तिथे ठिणगीचा वणवा होत नाही. पॉल ब्रास यांचे मत वेगळे. दंगल आपोआप होत नाही, ती घडवणारी माणसे आणि यंत्रणा तयार असतात. स्टीव्हन विल्किन्सन यांनी २००४ मध्ये दाखवले की, राज्य सरकारला अल्पसंख्याकांच्या मतांची गरज असते तेव्हा पोलीस दंगल लवकर आटोक्यात आणतात.

मुसलमानांच्या वागण्याच्या प्रश्नाला हे तिन्ही निष्कर्ष थेट भिडतात. वार्ष्णेय बरोबर असतील तर वस्तीतल्या संयमी माणसाच्या हातात पुष्कळ काही आहे. ब्रास आणि विल्किन्सन बरोबर असतील तर त्याच्या सब्राने दंगल टळण्याची शक्यता फारच थोडी, कारण ती ठरते दुसरीकडे. अभ्यासकांत याचा निकाल लागलेला नाही. भिवंडीची शांतताही दोन्ही बाजू आपापल्या परीने समजावू शकतात, कारण तिथे शेजारी होते तसा एक ठाम पोलीस अधिकारीही होता.

न सुटलेले

पहिला प्रश्न सवलतीचा. कुर्बानी शरियतप्रमाणे तीन दिवसांत कधीही करता येते, मिलादची मिरवणूक तर फर्ज म्हणजे बंधनकारक नाहीच. म्हणजे तारीख पुढे नेण्यात ईमानाला कुठे धक्का लागत नाही. ज्यांनी ती नेली त्यांनी धर्म नीट समजून नेली, असे माझे मत आहे. पण दरवर्षी सरकायचे ते आम्हीच का, असे विचारणारा तरुणही चुकीचे विचारत नाही. स्वखुशीने दिलेली सवलत हळूहळू अपेक्षा होते, अपेक्षेची अट होते. ही रेषा कुठे आखायची, यावर उलेमांचे एकमत नाही.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. निषेध हा घटनेने दिलेला हक्क आहे. पण ११ ऑगस्ट २०१२ रोजी आझाद मैदानातला निषेध हिंसक झाला, दोन माणसे गेली, अमर जवान स्मारकाची तोडफोड झाली. हजारोंची गर्दी बोलावणाऱ्याची जबाबदारी कुठवर, हे ठरलेले नाही.

तिसरा प्रश्न मोबाइलचा आहे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात तणाव उसळला तो काही पोरांच्या स्टेटसवरून. मोहल्ला समिती गल्ली ओळखते, पण ग्रुपवर काय फिरते ते तिला दिसत नाही. इमामाचा शब्द मशिदीच्या भोंग्याच्या पल्ल्यात चालतो. पोरगा जे वाचतो ते कुठून आले, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते.

या सगळ्या भूमिका शेजारी ठेवून पाहिल्यावर मला दोन गोष्टी ठळक दिसतात. सब्रावर पानेच्या पाने लिहिली गेली, अदलवर त्या मानाने फार थोडे. आणि जिथे शांतता टिकली तिथे ती नुसत्या त्या रात्रीच्या संयमामुळे टिकलेली नाही. आधीच्या वर्षांत जमवलेल्या ओळखी त्या रात्री कामी आल्या : आसनसोलच्या इमामाची तीस वर्षे, भिवंडीतल्या चार वर्षांच्या बैठका.

हिजरी वर्ष दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकते. २०२६ मध्ये ईद-ए-मिलाद ऑगस्टच्या अखेरीस येते आणि गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला. म्हणजे तीन वर्षांनी प्रथमच मिलादची आणि विसर्जनाची मिरवणूक एकमेकींच्या वाटेत येणार नाहीत. कुणाला तारीख बदलावी लागणार नाही. नेमके याच वर्षी शांतता समितीच्या खुर्च्या मांडा, पोरांना आणि बायांना बोलवा, आणि गटारापासून सुरुवात करा.